चौथी खाच

छत्रपती संभाजीनगर,
९ फेब्रुवारी २०२४

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. नळाला पाणी अजूनही आठवड्यानंच येतं.

तुझा मेसेज मिळाला. तुझ्या चार तारांच्या टेनर गिटारबद्दल विचारलं, तर तू लगेच सगळं कळवलंस. अण्णांचं नाव काढलं की मात्र फोन ठेवतोस, म्हणून हे पत्र.

जाड दोन तारा मी थोड्या उतरवून पाहिल्या. एकीवर पंचम लागला, दुसरीवर खर्जातला सा. बारीक दोन मात्र तेवढ्या उतरवल्या की ढिल्या पडून पट्ट्यांवर खडखडतात. त्या काढून एकसारख्या, जरा जाड अशा दोन बसवायच्या. इथवर आपलं एकमत आहे. भांडण आहे ते खाचेचं, गिटारच्या मानेच्या टोकाला तार जिच्यात बसते तिचं. पंचम, सा, सा, खर्ज असा तंबोऱ्याचा क्रम मला हवा, म्हणजे सगळ्यात जाड तार पार दुसऱ्या टोकाला जाते, आणि तिथली बारीक खाच तिला पुरत नाही. ती रुंद करावी लागेल. तू लिहिलंस, खाचांना हात लावू नकोस, मग गिटार पहिल्यासारखी लागायची नाही.

औरंगपुऱ्यातल्या कारागिरानं कानस हातात घेतली आणि विचारलं, “बजाएगा कौन, वो बोलो पहले.” तूही तेच विचारलं होतंस. मी तुलाही उत्तर दिलं नाही आणि त्यालाही. गिटार उचलली आणि घरी आले. रिक्षात स्वतःवरच चिडत होते.

अण्णा वाजवतात, दादा.

दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. ‘त्यांचं मला काही कळवायचं नाही’ असं तू बजावलं होतंस, आणि मी शहाण्यासारखी गप्प बसले. पण गाणं राहिलंय. ज्या माणसाला पाणी मागता येत नाही, अभंग धरला की त्याच्या तोंडून शब्द सरळ येतात. डॉक्टर म्हणाले, गाऊ द्या, त्यातून बोलणं परतू शकतं. त्या ‘शकतं’वर मी जगते आहे. पेटीला दोन हात लागतात, तंबोरा बिछान्यात मावत नाही, मोबाइलवरचा लावला तर तो उशीखाली सारतात. शेवटी तुझी गिटार त्यांच्या मांडीवर आडवी ठेवली. डाव्या हाताची बोटं फिरली आणि त्यांनी सूर धरला. हीच गिटार ते भिंतीवर आपटायला निघाले होते आणि तू घर सोडलंस. मला आधी हसू आलं, मग रडू.

त्यांचं करायला फुलंब्रीहून आवडाबाई येतात. त्या म्हणतात, “ताई, तारा बाजारात लई भेटत्यात. आधी त्यायच्या लेकाला बोलवा.”

एरवी त्यांच्या तोंडी आता एकच शब्द उरलाय, ‘नाही’. चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही. काल मी विचारलं, “श्रीधरला बोलवू?”

“नाही,” म्हणाले, आणि माझं मनगट घट्ट धरलं. मी सोडवून घ्यायला गेले, तर पुन्हा, “नाही.” तिकडे दूध उतू चाललं होतं, आवडाबाई हाका मारत होत्या. मी तशीच बसून राहिले.

मंगळवारी मी खाच कापून घेणार आहे. रागवायचं तर रागव, पण ये. तुला बघून ते ‘नाही’च म्हणतील. ते ऐकून दारातून मागे फिरू नकोस.

तुझी आगाऊ बहीण,
पमी