पश्चिम बुरुजातली खिडकी

८ एप्रिल १९०९
वीस वर्षं पोरांना लॅटिन शिकवून घसा बसला, म्हणून ऑल्डरकोट वाड्याचा द्वारपाल झालो. फाटकाला व्याकरण लागत नाही. मधे कमान, दोहों बाजूंना बुरुज. पूर्वेच्या बुरुजात चूल, पश्चिमेच्या बुरुजात शय्या. झोप आली की रस्ता ओलांडायचा. बायको, हेस्टर, म्हणते, मास्तर, पावसात छत्री आधी मला. स्वारी खूश आहे.

१२ एप्रिल
हे द्वारगृह बांधणाऱ्याला प्रतिसाम्याचं भारी वेड: एका बाजूला जे, तेच दुसऱ्या बाजूला. पूर्व बुरुजाच्या खिडकीच्या थेट समोर, रस्त्यापलीकडे, पश्चिमेलाही खिडकी होती. खिडक्यांवर कर होता तेव्हा त्या वेळच्या मालकांनी ती विटांनी बुजवली आणि शोभा जाऊ नये म्हणून विटांवर खिडकीच रंगवली: काचा, चौकट, अर्धा पडदा. दर वसंतात द्वारपालानं ती पुन्हा रंगवायची, असा इथला नेम. टॅप्ली माळी रंगाचे डबे ठेवून गेला.

१६ एप्रिल
हेस्टर खऱ्या खिडकीत शिवत बसली होती. मी खोट्या खिडकीत तिलाच उतरवलं: निळा झगा, सुई, किंचित कललेली मान. प्रतिसाम्य म्हणजे प्रतिसाम्य! ती म्हणाली, नाक तेवढं तुझ्या आईचं काढलंयस. टॅप्ली पोट धरून हसला. आधीच्या द्वारपालानं तिथं आपलं मांजर काढलं होतं म्हणे. मग? मग काय, म्हणाला, लेकाचं आळशी झालं, समोरच्या खिडकीत बसून असायचं नुसतं.

२१ एप्रिल
हेस्टर दिवसभर खिडकीत. म्हणते, बरं वाटतं इथं. तीन दिवस तोच टाका. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या. बसून राहिलेल्या बाईला आणखी कसली विश्रांती द्यायची, हे विचारायचं राहिलं.

२३ एप्रिल
मान सरळ होत नाही, चित्रात कललीय तशीच. बोलणं बंद. डोळे मात्र माझ्यामागे फिरतात.

२४ एप्रिल
टर्पेंटाइनच्या बोळ्यानं चित्रातली करंगळी पुसली. ओठ मिटलेले काढले होते मी — समोरून तिची किंकाळी नाकातून आली. धावत रस्ता ओलांडला. करंगळी नव्हती. रक्तही नव्हतं.
पुसून सुटका नाही.

२७ एप्रिल
आज तिचे डोळेही थांबले. एकटीला ठेवणार नाही. चित्रात तिच्या शेजारी मी स्वतःला रंगवलं, खुर्चीसकट. उजवा हात तेवढा रंगवायचा सोडला — तिचे केस सारखे करायला. हे लिहायला.

३० एप्रिल
खिडकीत तिच्याशेजारी बसलोय. पाय गेले. वाचा गेली. मान गेली. तिच्याकडे वळवून काढायला हवी होती. चुकलो — समोरचंच दिसतं. वही न बघता लिहितोय.
टॅप्लीला वाटतं, मला झटका आलाय. फाटक तोच उघडतो.

२ मे
उद्या मालकांकडे पाहुणे. टॅप्ली रंगाचा डबा घेऊन समोर तिपाईवर चढलाय, चित्र पुरं करायला. आजारी माणसाचं काम अडू नये म्हणून. ओरडून विचारतो, मास्तर, हात विसरलात की! ठेवू कुठं? मी हात हलवला — नको — पेन्सिल हलवली — नको, नको —
कळलं कळलं, म्हणाला, पेन्सिलीसकट.
मनगट झालं. बोटं काढ— हेस्टर, मी इथंच तु