गुडघा की मान

सोमवार, १८ नोव्हेंबर

प्रिय आयव्हर,

तू बरा असशील. इकडे आम्ही तिघं ठीक. आमच्या हॅटीचा पुढचा दात पडला. तो दाखवायला ती कुत्र्याकडे गेली आणि कुत्र्याने तो गिळला; त्यावरून घरात रडारड झाली. थँक्सगिव्हिंगला टर्की तुझी जोलीनवहिनी करणार, बाकी सगळं आई. कॅफे बंद ठेवायला ती तयार नाही, म्हणजे यंदाही जेवण कॅफेतच, तुझ्या-माझ्या फोटोंखाली. बाबा हरणाच्या शिकारीहून हात हलवत परत आले आणि खापर फोडलं माझ्या जुन्या बुटांवर.

तुझी शनिवारची कॉलेजची फुटबॉल मॅच पाहिली. तो कोपऱ्यातला झेल! तुझ्या वयात मला नसता जमला. आमचे कोच मॅकॅल्पिन तर तोंडावरच म्हणाले, "तुझा भाऊ तुझ्यापेक्षा सरस आहे." मी म्हटलं, "माहीत आहे." तर म्हणतात, "किती सरस, ते माहीत नाही तुला." व्यावसायिक संघांच्या एप्रिलच्या निवडीत तुझं नाव पहिल्याच दिवशी पुकारतील, असं इथे सगळेच धरून चालतात.

तू निरोप ठेवला होतास, कालचा तो चेंडू सुटला कसा म्हणून. डिलार्डनेही तेच विचारलं. त्याने फेकून अगदी माझ्या छातीवर आणून दिला होता.

"दिसला नाही का रे?"

"उन्हाने डोळे दिपले," मी म्हणालो.

त्याने वर पाहिलं. "छताखाली?"

स्टेडियमचं छत बंद होतं, आयव्हर. मला चेंडू दिसला होता. उजवीकडून धावत येणारा बचावपटूही दिसला होता. आणि माझे हात आपोआप मागे आले. मी आणले नाहीत, ते आले. चेंडू पलीकडच्याने पकडला, आम्ही हरलो आणि आपल्याच लोकांनी माझ्या नावाने शंख केला.

गेल्या महिन्यात मी मैदानाच्या मधोमध आपटलो, तेव्हा तू फोनवर म्हणालास, "दादा, उठायला एवढा वेळ?" मी म्हटलं, "लोकांना टाळ्या वाजवायला वेळ नको का!" खरी गोष्ट अशी की गवताचं पातं नाकात जात होतं आणि मला हात उचलून ते काढता येत नव्हतं. मानेखाली मी नव्हतोच. मग बोटांत मुंग्या आल्या, पाय हलला. मी उठलो, अंगठा दाखवला आणि पुढच्या खेळीला पुन्हा रांगेत उभा राहिलो.

संघाचे डॉक्टर म्हणाले, नस दबली असेल, होतं असं. जोलीनने ऐकलं नाही. तिने दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासणीचं चित्र समोर धरलं. मणक्यातली मज्जारज्जूची वाट माझी जन्मापासूनच अरुंद आहे. आणखी एक तसाच धक्का, की हॅटी माझी चाकांची खुर्ची ढकलेल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय आणि ज्याच्याभोवती इतका वेळ घुटमळतोय, ते सांगतो. निघताना बाईंनी विचारलं, "भाऊ आहे?"

मी म्हटलं, "आहे. तोही खेळतो, माझ्याच जागेवर."

"मग त्याचीही मान तपासून घ्या."

ते ऐकूनही मी तुला फोन केला नाही. हे एकदा बाहेर गेलं की प्रत्येक संघ तुझी मान आधी पाहणार आणि हात नंतर. आणि गप्प बसलो, तर एखाद्या शनिवारी मला टीव्हीवर तू गवतावर दिसशील. रोज सकाळी ठरवत होतो आणि रोज हेल्मेट चढवून मैदानात जात होतो.

मंगळवार

काल पत्र अर्धं ठेवलं. आज कोचकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"गुडघा म्हणू," ते म्हणाले. "उद्या जखमींची नावं जाहीर होतील, त्यात तुझ्यापुढे गुडघा लिहू. हंगाम संपला की निवांत निवृत्त हो. तुझ्या भावालाही कुणी काही विचारणार नाही. त्याचं तरी वाटोळं करू नकोस."

त्या माणसाने मला दहा वर्षं सांभाळलंय. तो वाईट नाही. आणि आयव्हर, तो बोलला तेव्हा मला हायसं वाटलं, हेही तुला कळू दे. मी 'बरं' म्हणून बाहेर आलो. गाडीत बसलो, पण चावी फिरवेना. सगळ्यांनी गुडघाच मानला असता, तर तूही तेच मानून खेळत राहिला असतास.

मी परत वर गेलो. "मान लिहा," म्हटलं.

"त्याला विचारलंस का?"

"नाही."

"तो तुला माफ करणार नाही, थेरन."

तरी मी मानच लिहायला लावली. पत्र तातडीने पाठवतोय, म्हणजे बातमीआधी तुझ्या हाती पडेल. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. तू हसत 'हॅलो' म्हणाला असतास आणि मी पुन्हा कुत्र्याची गोष्ट सांगितली असती. तुझी मान कदाचित ठणठणीत असेल. नसली, तर लहानपणापासून जे एकच मागितलंस ते तुझ्या सख्ख्या भावाने तुझ्या हातून काढून घेतलेलं असेल. तुला न विचारता.

थँक्सगिव्हिंगला माझ्याशेजारी बसू नकोस हवं तर. पण ये. स्वतःच्या पायांनी चालत ये, मग मला काय हवं ते बोल.

तुझा,
थेरनदादा