काकूंच्या नावाचा दगड

सर,

तुम्ही दोन जीवाश्मांना ठेवलेल्या नावांपैकी एक मला मारावं लागणार आहे. आपल्या धंद्यात असंच बोलतात, नाव मारायचं, नाव बुडवायचं. तुम्हीही भंडाऱ्याच्या कॉलेजात वर्गात असंच बोलायचात आणि आम्ही मागच्या बाकावर खुदखुदायचो, जणू कुणी तलावावर जाऊन नावाला गटांगळ्या देणार आहे. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठी आहे, केस पिकलेत, माझ्याच विद्यार्थ्यांवर मी खेकसते, आणि हे पत्र लिहायला बसले आहे ते मला भीती वाटते म्हणून. हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. दगडांचा अभ्यास करणारी बाई दगडाला भ्याली म्हटलं की लोक चहा पिता पिता हसतील. तुम्हीही हसला असतात, पण निदान मग विचारलं असतंत, कोणत्या दगडाला?

तुमच्या मोहाडीच्या घराचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळाला पाणी नसायचं, म्हणून तुम्ही हिमालयातून आणलेले दगड काकूंच्या मोरीत धुवायचात. एकीकडे काकू पाट्यावर मिरची वाटतायत, दुसरीकडे तुम्ही दातांच्या ब्रशने दगडात रुतलेला ट्रायलोबाइट घासताय, आणि मी मधे ताट धरून उभी. ‘हा आपल्या तलावातल्या झिंग्याचा पणजोबा समज,’ तुम्ही म्हणता. पाठीवर तीन उभ्या पट्ट्या, डोक्याला अर्धा चंद्र, समुद्राच्या तळाशी रांगणारा. मी घाईने टाचणीने त्याच्या डोळ्याजवळची माती उकरायला जाते आणि तुम्ही एवढ्या जोरात ओरडता की काकूंचा वरवंटा थांबतो. ‘खरवडू नोको! जे निघाचं ते आपणहून निघते.’ मला रडू येतं. संध्याकाळी निघताना तुम्ही तुमचं पितळी भिंग माझ्या हातात ठेवता. ते भिंग आजही माझ्या पर्समध्ये असतं. त्या ओरडण्याचा राग मात्र पुढे बरीच वर्षं गेला नव्हता, हेही सांगून टाकते.

मग तुमचा लेख छापून आला तो दिवस. एकाच लेखात दोन नव्या प्रजाती. रुंद होती तिला तुम्ही तुमच्या गुरूंचं नाव दिलंत, आणि लांबट, सडपातळ होती तिला काकूंचं. पेढे आणलेत, मला बोलावलंत, आणि काकूंच्या पुढ्यात तो दगड ठेवलात. काकूंनी पदराला हात पुसले, पण दगडाला हात लावला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘जिता हाये का हा?’ तुम्ही खो खो हसलात. ‘जिता कुठला! माणूस जन्माले यायच्या कितीक आधी मेला तो.’ काकू उठून आत गेल्या. तुम्ही मला डोळा मारून म्हणालात, ‘लाजली.’ मीही तेच समजले. आपण दोघं शिकलेली माणसं तिथे पेढे खात बसलो होतो, आणि आत काय चाललंय हे आपल्या गावीही नव्हतं.

त्यानंतर वर्षही सरलं नाही. पुन्हा मोजायला म्हणून तो लांबट दगड तुम्ही कॉलेजातून डब्यात घालून परत घरी आणलात आणि त्याच टेबलावर डोकं टेकून गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. तेराव्याला मी आले तेव्हा दगड देवघरात होता, ओल्या शेंदराने माखलेला. मला भडभडून आलं. नवऱ्याने आपलं नाव दिलेला दगड बाई पूजते आहे, याहून मोठं प्रेम कोणतं? ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना किती वेळा रंगवून सांगितली आहे.

आता तुमच्या त्या प्रजातींची फेरतपासणी माझ्याकडे आली. सर, त्या दोन नाहीतच. डोंगर वर आले तेव्हा खडक ताणला गेला, आणि आतले जीवही त्याच्याबरोबर ताणले गेले. ओलं लुगडं पिळताना त्यावरचं छापील फूल एकीकडे लांबट दिसतं आणि दुसरीकडे आखूड, तसं. ताण काढून मोजलं की लांबट आणि रुंद एकच. तुमच्या काळात हे हिशेब कुणी करत नव्हतं, म्हणून मी त्याला चूक म्हणणार नाही. पण नाव एकच राहू शकतं. दोन्ही एकाच दिवशी छापली गेली, त्यामुळे पहिल्यांदा दुरुस्ती करणाऱ्याने ज्यावर बोट ठेवावं ते टिकणार. म्हणजे मी. मी मनात काकूंचं नाव कधीच पक्कं केलं होतं. तुमच्या गुरूंच्या नावाने रस्ते आहेत, सभागृह आहे. काकूंच्या नावाने एवढंच होतं.

पण नाव ठेवायचं तर मूळ दगड तपासायला हवा, आणि त्यावर वर्षानुवर्षांचा शेंदूर थरावर थर चढला होता. मी विचारायला गेले तेव्हा काकूंनी ताडकन नाही म्हटलं. ‘त्याची खोळ काढाची नाही. मी हावो तोवर नोको.’ मी ते प्रेमाच्याच खाती जमा केलं आणि परत आले.

गेल्या वैशाखात त्यांचा फोन आला. ‘त्यानं खोळ टाकली वं पोरी. ये, पाहून घे काय पाहाचं ते.’ वरठीला गाडीतून उतरले तेव्हा दुपार नुसती पेटली होती. मोहाडीच्या तुमच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मागचा तलाव आटून मधे एवढंसं हिरवं पाणी उरलेलं, भोवती भेगाळलेला गाळ, आणि गाळात तोंड खुपसून बसलेलं एक कुत्रं माझ्याकडे बघतही नाही. काकू दारातच उभ्या होत्या. किती वाळल्या आहेत! देवघरात सगळे देव जागेवर होते आणि कोपऱ्यात भात शिजवायचा एक गंज पालथा घातलेला.

‘झाकून कायले ठेवलं, काकू?’

‘पाहाते तो माह्याकडे.’

मी गंज उचलला. शेंदराची खोळ एकसंध सुटून बाजूला पडली होती, आणि आत तो, नुकताच न्हाऊन बसल्यासारखा स्वच्छ. डोळ्यांच्या कडा, पाठीच्या पट्ट्या, सगळं जागच्या जागी. जे निघाचं ते आपणहून निघालं होतं. मी तुमचं भिंग काढलं आणि खडकातल्या ताणाच्या रेघा बघितल्या. शंका उरली नाही. मी हरखून म्हटलं, ‘काकू, काळजी करू नका. एक नाव जाणार आहे, पण तुमचं मी जाऊ देणार नाही.’

त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंडगार होता, त्या उन्हात. ‘ठेवू नोको वं. काढ माहं नाव त्याच्यावरून.’

आणि मग त्या बोलल्या, जे इतकी वर्षं तुम्हालाही बोलल्या नव्हत्या. ‘आमच्यात मेल्या माणसाचं नाव लेकराले ठेवतेत. जित्या बाईचं नाव मेल्या जिवाले कोणी देते का? पण त्यायनं इतक्या हौसेनं आणलं होतं, मी काय बोलू? मंग तो घरात राहाले आला. नाव माहं होतं, न्याले मलेच आला होता. मी चुलीपाशी होती. जो टेबलापाशी सापडला, त्याले घेऊन गेला.’

मी काहीतरी हृदयविकाराचं बोलू लागले. त्यांनी ऐकलंच नाही.

‘मढं घरात कसं ठेवाचं? म्हणून शेंदूर लावला. देव केला तं उगा राहीन म्हटलं. राहिला. आता पुन्हा उघडा झाला.’

सर, मी तेराव्याला पाहिलं ते प्रेम नव्हतं. ते भेव होतं. तुमची बाई तेव्हापासून त्या दगडाला रोज हात जोडत होती ते ‘मला नेऊ नकोस’ म्हणून. आणि तुम्ही बिचारे, आयुष्यातली सगळ्यात मोठी भेट दिली म्हणून खुशीत गेलात. मला तुमचा राग आला, आणि कीवही आली, दोन्ही एकदम.

मी त्यांना शब्द दिला. गुरूंचं नाव राहील, त्यांचं काढते. त्यांनी तीनतीनदा विचारलं, ‘मंग गेलं समजू नं?’ मी म्हटलं, ‘गेलं, काकू.’ त्यांनी दगड माझ्या डब्यात घालून दिला, स्वतःच्या हाताने, त्याला उघडा शिवून. मी निघाले तेव्हा त्या अंगणात येऊन बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा सैल पडला होता. शेजारीण फोनवर सांगते की तेव्हापासून काकू भर दिवसाही गाढ झोपतात, जेवायलाही उठत नाहीत.

आणि नाव गेलेलं काही नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बुडवलेलं नाव कधी नाहीसं होत नाही. टिकलेल्या नावाखाली ते कायमचं छापायचं, पुढच्या प्रत्येकाने छापायचं, हे बाद झालं म्हणून. आजवर एका मेलेल्या जिवाला काकूंचं नाव होतं. मी दुरुस्ती धाडली की ते नावच मेलेलं म्हणून लागेल, आणि माझ्या हाताने. ठेवलं तरी तेच, काढलं तरी तेच. तपासून झालेला लेख समोर पडला आहे आणि तो धाडायला माझा हात धजत नाही. काकू झोपल्या आहेत, तेवढ्यात धाडून टाकावा असंही वाटतं, आणि त्या झोपल्या आहेत म्हणूनच धाडवत नाही.

दगड माझ्याकडेच आहे, माझ्या टेबलावर. संग्रहालयात पोचवायचा आहे. तोवर मी स्वयंपाकघरातून एक गंज आणून त्याच्यावर पालथा घातला आहे.