सात नंबरचा बिल्ला

२ मार्च, सोमवार

बारा जण आत गेले. बारा बाहेर आले. मी स्वतः डोकी मोजली — हेल्मेटं काढायला लावून मोजली! तरी बोर्डावर एक बिल्ला लटकत होता.

लांबून नंबर दिसला. सात.

पंप बंद करून धावत गेलो, तोवर साहेब फडक्याने बोर्ड पुसत होते. बोर्ड रिकामा. म्हणाले, "काय रे, भूत बघितल्यासारखा काय उभा?" मी म्हटलं, धूर गेला डोळ्यांत.

ही वहीही साहेबांचीच. "रोज चार ओळी लिही. काहीही लिही, पण लिही! पुढच्या महिन्यात कायम होण्याची लेखी परीक्षा आहे आणि तुझा 'ध' अजून 'घ'सारखा दिसतो." सातवीनंतर मी पेन फक्त कान कोरायला वापरलंय. आणि इथे बारा पोरं मला सर म्हणतात!

तो सात नंबर इथे असूच शकत नाही. का ते उद्या लिहीन.

३ मार्च

नाही लिहवत.

५ मार्च, गुरुवार

लिहितो. इथे कोण वाचणार आहे!

धूरघर म्हणजे आग विझवायला शिकणाऱ्यांची आमची शाळा. दोन मजली, काँक्रीटचं. खिडक्यांना लोखंडी झडपा, पुढे एक लोखंडी दार, मागे एक. आत लाकूड आणि गवत पेटवायचं, धूर कोंडला की पोरांना सोडायचं. डोळ्यांपुढे धरलेला हात दिसत नाही. उजवा हात भिंतीवर, आणि काही झालं तरी भिंत सोडायची नाही. आत कुठेतरी मामा पडलेला असतो — वाळू भरलेला पुतळा, सत्तर किलो. त्याला शोधून ओढत आणायचं. आत जाताना आपला पितळी बिल्ला बोर्डावर अडकवायचा, बाहेर आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. बोर्ड रिकामा म्हणजे घर रिकामं. मग दारं-झडपा बाहेरून बंद. हवा तुटली की आग आपोआप मरते.

मागच्या वर्षी मी आणि लंबू मदतनीस होतो. खोली एक, साबण एक, कंगवाही एकच. त्याचा बिल्ला सात, माझा आठ. आणि सगळे जुने मदतनीस करायचे तेच आम्ही करायचो — जो आधी बाहेर येईल तो दोघांचे काढायचा. हातात जाड मोजे, अंगावर सिलेंडर, कोण दोनदा बोर्डापाशी थांबणार!

२० मार्चला मी पुढे होतो. दारापर्यंत त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. मी दोन्ही बिल्ले काढले.

तो मागे वळला होता. मामा आत राहिला होता म्हणून. मामाला बाहेर काढायचं काम माझं होतं.

साहेबांनी बोर्ड बघितला. रिकामा. "बंद करा," म्हणाले.

चाळीस मिनिटांनी दारं उघडली. लंबू मागच्या दाराला टेकून बसलेला. मांडीवर मामाचं डोकं.

चौकशीला साहेबलोक आले. सात नंबरचा बिल्ला कुठाय? तो माझ्या खिशात होता. मी गप्प. त्यांनी लिहिलं — बिल्ला न लावता आत शिरला, शिस्तभंग. संध्याकाळी मी तो मागच्या हौदात टाकला. बुडाला. बुडताना बघितलाय मी.

आणि आता दर बॅचला हा धडा मीच शिकवतो. "एक जण बिल्ला न लावता गेला. बघा काय झालं!" पोरं माना डोलावतात.

६ मार्च

आज मेणबत्तीचा प्रयोग. मेणबत्ती विझवायची. वर धुराची बारीक रेघ जाते. त्या रेघेला वरच्या वर काडी लावायची — वात लांब असते, काडी तिला लागतही नाही — आणि ज्योत धुरावरून खाली उतरते, टप्पकन! मेणबत्ती परत पेटते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाला म्हणाला, "सर, जादू!" मी म्हटलं, जादू नाही रे, धूर म्हणजे न जळलेलं जळण. विझलं असं समजून पाठ फिरवू नका.

हे बोलताना माझीच पाठ गार पडली.

७ मार्च

लंबूच्या वडिलांचा फोन. महिन्यातून एकदा येतोच. "पोरा, जेवतोस ना वेळेवर?" हे आधी. मग तेच — "लहानपणी चप्पलसुद्धा जोडीने ठेवायचा रे तो. असा न सांगता कसा आत गेला?"

या वेळी पुढे म्हणाले, "वीस तारखेला वर्ष होतंय. ती जागा बघायला येतो. तू असशील ना?"

असेन म्हटलं.

९ मार्च, सोमवार

चष्मेवाला धूरघरातून बाहेर आला, मास्क काढला आणि विचारतो, "सर, आत दोन मामा ठेवलेत का?"

एकच आहे म्हटलं.

"मग मागच्या दारापाशी बसलेला कोण? मी खांदा धरून ओढायला गेलो. त्याने माझा हात काढून बाजूला ठेवला. हळूच. म्हणजे — रागाने नाही."

बाकीचे हसले. "अरे, मामाने भाचा ओळखला नाही!" साहेब म्हणाले, धुरात एकमेकांना धडकता, दुसरा कोणीतरी असेल. असेलही. पण मागच्या दाराकडे आज मी कोणालाच पाठवलं नव्हतं.

मामा वरच्या मजल्यावर होता. मीच ठेवला होता.

१० मार्च

बोर्ड तीनदा बघितला. काही नाही. मग चौथ्यांदा बघितला.

१२ मार्च

सकाळी आठ. आग नाही, धूर नाही, कालपासून धूरघर गार. मी एकटा गवत भरत होतो. मागच्या दारावर आतून ठोके पडले. तीन.

आमची खूण आहे ती. आत अडकलो तर मिळेल त्या लोखंडावर तीन ठोके — मी इथे आहे. बाहेरच्याने दोन ठोके द्यायचे — ऐकलं, येतोय.

साहेब नेहमी सांगतात, लोखंड तापतं, निवतं, तेव्हा बोलतं. बरोबर आहे. पण रात्रभर निवलेलं लोखंड काय बोलणार? आणि मोजून तीन?

मी उत्तर दिलं नाही. दाराखालच्या फटीकडे बघत राहिलो. जमिनीवरची काजळी फटीतून आत ओढली जात होती, मग बाहेर येत होती. आत, बाहेर. कोंडलेली आग असाच श्वास घेते, पोरांना मीच शिकवतो. असं दिसलं तर दार उघडायचं नाही.

पण आत आग नव्हती.

आता खरं लिहितो. त्या दिवशीही ऐकू आले होते मला. पंप चालू होता, मी पाण्याचा होज गुंडाळत होतो. तीन ठोके. मी मनात म्हटलं — लोखंड बोलतंय.

१४ मार्च

आईचा फोन. "सहा वर्षांत सात कामं सोडलीस. तुझ्या पायाला भिंगरी आहे मेल्या! आता तरी गोचिडासारखा चिकटून राहा." परीक्षेला बसतोय म्हटलं. खूश झाली. ताईला ओरडून सांगताना ऐकू आली — "अगं, कायम होतोय तो! मास्तर झालाय आपला!"

१६ मार्च, सोमवार

आज हात लावला.

सकाळी पोरं यायच्या आधी बोर्डावर तो होता. सातच्या खिळ्याला. थंड. तोच — कडेला चीर आहे, लंबूने त्या बिल्ल्याने खोबरेलच्या बाटलीचं झाकण उघडलं होतं तेव्हाची. पण चकचकीत! कोणीतरी बसून घासल्यासारखा. वर्षभर पाण्यात असलेलं पितळ असं असतं?

नळाकडे पळालो. तोंड धुऊन परत आलो तर खिळा रिकामा. आवारात फक्त साहेब, चहाचा कप घेऊन. "लवकर आलास आज," म्हणाले.

१७ मार्च

बॅग भरली. दुसऱ्या शहरात ओळखीचा एक जण आहे, गोदामात माणूस हवाय म्हणाला. लंबूचे वडील येतील तेव्हा मी नसेन, बस. कोणी काही विचारणार नाही.

रात्री — बॅग रिकामी केली. तळाशी कंगवा निघाला.

१८ मार्च

काही नाही. ठोके दोनदा.

२० मार्च, शुक्रवार

आले. मला वाटलं होतं लंबूसारखे उंच असतील. माझ्या खांद्याला लागतात. हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी विणलेली टोपी — लंबूच्या आईने पाठवली.

साहेब स्वतः फाटकापर्यंत गेले, नमस्कार केला, आणि मग मला म्हणाले, "तूच दाखव यांना." आणि ऑफिसात निघून गेले.

ते बोर्डासमोर उभे राहिले. "त्याचा खिळा कुठला?"

दाखवला. त्यांनी बोटाने चाचपला. "आणि पोरा, तो इथे काही न लावताच गेला?"

हो म्हणायचं होतं. वर्षभर हेच म्हणतोय, तोंडाला सवय आहे. तेवढ्यात मागच्या दारावर ठोके. तीन.

मी म्हटलं, "बाबा, लावला होता त्याने. मी काढला."

मग सगळं सांगितलं. जोडीने बिल्ले काढायचो ते. मामा. खिसा. हौद. ठोके ऐकले होते तेही. कुठेच थांबलो नाही. थांबलो असतो तर परत सुरू झालोच नसतो.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग विचारलं, "दार कुठलं?"

मागे घेऊन गेलो. त्यांनी दारावर तळहात ठेवला. मी खिशातला पाना काढला आणि लोखंडावर दोन ठोके दिले. ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, उत्तर द्यायचं राहिलं होतं.

जाताना म्हणाले, "मी तुला माफबिफ करायला आलो नव्हतो. ते मला जमेल की नाही ठाऊक नाही. पण त्या मुलांना खोटं शिकवू नकोस. चप्पल जोडीने ठेवणारा पोरगा होता तो."

टोपी परत द्यायला गेलो. घेतली नाही.

२१ मार्च

वर्गात खरं सांगितलं. बारा पोरं. "त्याने बिल्ला लावला होता. माझ्या हाताने निघाला. तुमचा बिल्ला सख्ख्या भावालाही काढू देऊ नका, आणि बोर्ड बघू नका, माणसं बघा." कोणी हसलं नाही. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

साहेब दारात उभे होते. कधीपासून कोण जाणे. मग ऑफिसकडे गेले.

आता नोकरी जाणार. आईला काय सांगू? चौकशी परत उघडेल. उघडू दे.

आज ठोके नाहीत. काल दुपारपासून एकही नाही.

२३ मार्च, सोमवार

साहेबांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक माझा जबाब, कोरा, मी लिहायचा. दुसरा त्यांचा, लिहून झालेला. "दार मी बंद करायला लावलं. बोर्ड बघून. माणसं न मोजता. हे मीही कुठे लिहिलं नव्हतं." मग ड्रॉवर उघडला आणि सात नंबर टेबलावर ठेवला. मी रजेवर असताना हौद उपसला होता म्हणे, तेव्हा गाळात सापडला. चार महिने झाले. "घासून मीच लावत होतो बोर्डावर. वाटलं, तू बोललास तर मलाही बोलता येईल."

मला हसू आलं. खरंच! इतकं हलकं वाटलं. म्हटलं, "साहेब, जीव घेतलात माझा! म्हणजे ठोकेपण तुम्हीच देत होतात तर!"

साहेब माझ्याकडे बघत राहिले.

"कसले ठोके?"