बिजली परत आली

भंडारा, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या निवाऱ्यातली बिजली, वर्षाचीही नसलेली कुत्री, आंधळगावच्या गुरुजींनी हौसेनं घरी नेली होती. आज पाचव्या दिवशी परत आणली. मानेवर साखळीचा लाल वळ.

"लय उड्या मारते हे, ताई. शांत कुत्रा द्या आमाले."

"दिवसभर बांधून ठेवत होते काय?"

"मंग? मोकळी कायले सोडू? वाळत घातलेलं धान तुडवते."

तरुण कुत्री उड्या नाही मारणार तर काय जप करेल? आणि तो वळ! दुसरं कुत्रं मी दिलं नाही, सरळ घरी जा म्हटलं. पण घर न पाहता बिजलीला दिलंच काहून मी?

गुरुजींची गाडी निघाली, तर ही येडी शेपूट हलवत फाटकापर्यंत त्यांच्याच मागे धावली.