टेकडीवरचा श्रीखंडाचा डबा

अहो,

पत्राला सुरुवात करताना ‘प्रिय’ लिहिलं आणि पेन अडलं. त्याच्यापुढे नाव लिहावं लागतं ना. उभ्या संसारात तुम्हाला कधी नावाने हाक मारली नाही, ती आता कशी मारू? म्हणून ‘प्रिय’ खोडलं आणि नेहमीसारखं ‘अहो’ लिहिलं. तुम्हाला कळेल.

आज लिहायचं कारण म्हणजे तुमचं एक राहिलेलं काम परवा मी करून आले. घरात सांगायला कोणी नाही. सुजितला फोनवर सांगितलं तर तो म्हणणार, आई, आधी गुडघे सांभाळ. मग म्हटलं, ज्याचं काम त्यालाच सांगावं.

तुम्ही गेल्यापासून मला दुसरा उद्योगच नाही बघा. तुमचं नाव कमी करत हिंडते. ‘नाव कमी करणे’ हा त्यांचा शब्द, माझा नाही. रेशन कार्डावरून कमी केलं, बँकेतून कमी केलं, गॅसच्या पुस्तकावरून, सोसायटीतून. प्रत्येक खिडकीवर विचारतात, मयताचं नाव? जे नाव मी उखाण्याशिवाय तोंडातून काढलं नाही, ते काचेच्या भोकाला तोंड लावून मोठ्याने सांगायचं, कारण आतल्या बाईला पंख्यामुळे ऐकू येत नाही. आणि लिहिताना आधी ‘कै.’ लावायचं. एकदा लावायला विसरले तर तिने कागद परत सरकवला. म्हणाली, “मावशी, असं लिहिलं तर ते हयात आहेत असं होतं.” मी बाहेर बाकावर जाऊन बसले. तेवढ्या वेळापुरते तुम्ही हयात होतात.

संक्रांतीला सोसायटीत हळदीकुंकू झालं. काळ बदललाय म्हणून मलाही बोलावलं, वाण दिलं, तिळगूळ दिला. सगळ्यांनी चांगलं वागवलं, खोटं कशाला बोलू? पण प्रत्येकीला “नाव घ्या, नाव घ्या” म्हणून आग्रह चालला होता, तो माझ्यापाशी आला आणि हळूच पुढच्या बाईकडे गेला. मी डिशमधली हलव्याची फुलं निवडत बसले.

तुमचा फोन मी बंद केला नाही. सुजित म्हणत होता, कशाला उगाच रिचार्ज करतेस? करते. रोज चार्जिंगला लावते, माझ्या फोनच्या शेजारी. त्याच फोनवर मागच्या महिन्यात तुमच्या त्या डब्या शोधायच्या खेळवाल्यांचा मेल आला. टेकडीवरचा तुमचा डबा बऱ्याच जणांना सापडला नाही, मालकाने जाऊन बघावं, महिन्याभरात काही कळवलं नाही तर तो नकाशावरून काढून टाकू, असं इंग्रजीत अगदी अदबीने लिहिलेलं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणजे इथूनही नाव कमी. यावेळी मला अर्जसुद्धा करावा लागणार नव्हता, नुसतं गप्प बसलं की झालं.

तेव्हा मी ठरवलं, इथलं नाही जाऊ द्यायचं.

पण ठरवणं सोपं हो. मला त्या खेळातलं काय कळत होतं? मरोळच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, तुम्ही जिओकॅशिंगला लागलात. नाव ऐकून मला वाटलं, कसली तरी शेअरची भानगड आहे. तुम्ही हसलात आणि समजावलंत. कोणीतरी कुठेतरी एक डबी लपवतं, जागा नकाशावर टाकतं. बाकीच्यांनी फोन घेऊन ती शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवून यायची.

“आणि डबीत काय असतं?”

“काही नाही गं. कागद असतो.”

“एवढ्यासाठी उन्हातान्हात जायचं?”

“एवढ्यासाठीच.”

सगळे त्यात टोपणनावं घेतात, कोणी वाघ, कोणी भटकभवानी. तुम्ही मात्र वीजबिलावर असतं तसं पूर्ण नाव टाकलंत. खेळातसुद्धा सरळ माणूस!

तुमच्या डब्यापर्यंत जाण्याआधी हात बसवावा म्हणून मी ॲपवर सोप्यातली सोपी डबी शोधली. घाटकोपरच्या एका बागेतली निघाली. सोबत समोरच्या पारकरवहिनींना घेतलं. त्यांना अर्ध्या रस्त्यात सांगितलं कशाला चाललोय ते, नाहीतर त्या आल्या नसत्या.

फोनवरचा बाण बघत आम्ही चाललो. मी फोन हातात फिरवला की बाण फिरायचा, आणि बाणाबरोबर मीही गोल फिरायचे. वहिनी म्हणाल्या, “गो सुमती, प्रदक्षिणा घालतंस काय?” मग तुमचं म्हणणं आठवलं. फोन फक्त जवळ नेऊन सोडतो, पुढचं डोळ्यांनी बघायचं. लपवणारा माणूस होता, त्याने कुठे हात घातला असता, असा विचार करायचा. मी बाकाखाली हात घातला तर वॉचमन आला. “क्या ढूंढ रहे हो माताजी?” कोणी बघत असेल तर बुटाचा बंद बांधायचं सोंग करावं, असं तुम्ही शिकवलं होतंत. माझ्या पायात चपला. मी म्हटलं, कानातलं पडलंय. बिचारा तोही वाकून शोधायला लागला. तो गेल्यावर वहिनींनाच डबी दिसली, कुंपणाच्या पाइपाला लोहचुंबकाने चिकटवलेली, सुपारीच्या डबीएवढी.

आत कागदाची गुंडाळी होती. तिच्यावर मी नाव लिहिलं आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू, की “सापडली हो” म्हणत मी मागे वळले. मागे कोणीच नव्हतं. वहिनी पुढे निघून गेल्या होत्या. मी तिथेच रडले. गेल्या वर्षभरात रडले नव्हते अशातला भाग नाही, पण ते सगळं तुम्ही गेलात म्हणून होतं. हे वेगळं होतं. तुम्ही इतकी वर्षं संध्याकाळी घरात शिरता शिरता “सापडली गं” म्हणायचात, ते कशासाठी, ते मला त्या बागेत कळलं. मग मला आणखी थोडं शिकवलं का नाहीत? एवढी घाई काय होती? सकाळचा चहा अर्धा प्यायलात आणि कपाशेजारी डोकं टेकलंत. मी म्हटलं, झोप झाली नसेल.

असो. परवा सकाळी आम्ही आपल्या टेकडीवर गेलो. मुलुंडचं थंड ऊन तुम्हाला माहीतच आहे. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या आता नव्या केल्यात, मधल्या वळणावर सिमेंटचा बाकही टाकलाय. शोधायला आलेल्यांनी लिहिलं होतं, बाकाच्या आजूबाजूला सगळं पाहिलं, काही नाही. एकाने लिहिलं होतं, खूण समजली नाही.

खूण मी तेव्हाच पहिल्यांदा वाचली. प्रत्येक डब्याला शोधणाऱ्यांसाठी एक खूण द्यावी लागते म्हणे. कोणी लिहितं ‘मुळाशी’, कोणी ‘खाली वाका’. तुम्ही लिहिलं होतंत, ‘बायको दमून बसते तिथे’.

अहो, असं लिहितात का? परक्या माणसाला कसं कळायचं तुमची बायको कुठे दमते ते? त्यांना वाटलं, दमलं की माणूस बाकावर बसणार. बाक टाकलाय आत्ता. मी बसायचे ती जुन्या पायवाटेवरच्या आंब्याखाली, त्या काळ्या दगडावर, पदराने वारा घेत. तुम्ही म्हणायचात, चल गं, थोडंच राहिलंय. मी म्हणायचे, तुम्ही या जाऊन, मारुतीला माझा नमस्कार सांगा. वर्षानुवर्षं मी त्या दगडाच्या पुढे गेले नाही. आणि नकाशावर लपवायला तुम्हाला सबंध मुंबईत तीच जागा मिळाली! मला एका शब्दाने बोलला नाहीत.

पायवाट गवताने झाकली होती. वहिनी म्हणाल्या, “हंय काय सोन्याचो हंडो पुरलेलो आसा?” मी काठीने पाला बाजूला केला. दगडाच्या मागच्या फटीत, मातीत अर्धा रुतलेला, तो होता. त्याच्यावर तुम्ही चिकटवलेली चिठ्ठी अजून होती, ‘हा खेळ आहे, घाबरू नका’. बेवारस वस्तू म्हणून कोणी पोलिसांना बोलावू नये, याची काळजी.

आणि डबा कसला, तर श्रीखंडाचा. जन्मभर वर्कशॉपमध्ये केसाएवढा फरक चालवून घेतला नाहीत, आणि इथे श्रीखंडाचा डबा? आपल्या घरात त्याच्यात डाळ राहते, खिळे राहतात, सुजितचे रंग राहिले, पण पावसात तो टिकतो का? झाकणाला चीर गेली होती. आत मुंग्या आणि पाणी. कागदाचा लगदा झाला होता.

मी कोणाला बोलले नव्हते, पण मला डबा नको होता, मला तुमचं अक्षर हवं होतं. पहिल्या पानावर तुमच्या हाताने तुमचं नाव असेल, ते बघायचं होतं. घरात तुमच्या अक्षरातलं काय उरलंय? जुन्या कॅलेंडरवरच्या सिलिंडरच्या तारखा. मी तो लगदा ओंजळीत घेतला, उन्हात धरला, उलगडायला गेले तर बोटांना चिकटून आला. निळी शाई पसरलेली, एक अक्षर लागत नव्हतं. तुमच्यावर इतका राग आला मला. माझा एखादा चांगला डबा मागितला असतात तर? नसता दिला म्हणा मी, पण मागायचा तरी.

वहिनी माझ्या शेजारी दगडावर बसल्या आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “घे गो नाव.”

मी म्हटलं, “आता कसलं नाव, वहिनी?”

“भावोजींचा. घे. हंय कोण आसा ऐकूक? माकडां आसत.”

मग मी घेतलं. तिथल्या तिथे सुचलं तसं, हातात त्या लगद्याचा चिखल घेऊन.

झाडाखाली दगड, दगडाआड डबी,
सदानंदरावांचं नाव घेते डोंगरावर उभी.

वहिनी हसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. लोणच्याची ती फिरकीच्या झाकणाची स्टीलची डबी मी घासूनपुसून, उन्हात वाळवून नेली होती. तिच्यात कोरा कागद घातला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. पहिल्या ओळीवर मी लिहिलं, सदानंद शिवराम तावडे. आधी काही लावलं नाही. तुमची चिठ्ठी सोडवून नव्या डबीवर डकवली आणि डबी फटीत ठेवली. श्रीखंडाचा डबा घरी आणलाय, तेवढं चालवून घ्या.

घरी येऊन तुमच्या फोनवरून कळवलं, डबा दुरुस्त केला. आणि खरंही लिहिलं, की हे लिहिणारी त्यांची बायको आहे, ते मागच्या वर्षी गेले. तुमच्या नावाने खोटं बोलायचं माझ्याच्याने झालं नाही.

त्यावर काल उत्तर आलं. पहिला मेल पाठवणारा तोच. कोणीतरी मराठी मुलगा आहे. लिहितो, “काकू, खूप वाईट वाटलं. काकांचा डबा मी स्वतः शोधला होता, मला खूण कळायला दोन रविवार लागले. आता डबा तुम्ही सांभाळणार असाल, तर तुमच्या नावावर करून देऊ का?”

अहो, घर माझ्या नावावर झालं, गॅस झाला, बँकेतलं खातं झालं. सगळ्यांनी न मागता दिलं. मी त्याला लिहिलं, नको रे बाळा, हे एक त्यांच्या नावावर राहू दे. सांभाळायचं मी बघेन.

त्याने लिहिलं, “ठीक आहे काकू. राहील.”

तर आता दर पावसाळा संपला की मी वर जाईन. कागद ओला झाला असेल तर बदलेन आणि पहिल्या ओळीवर तुमचं नाव लिहीन. गुडघे साथ देतील तोवर स्वतः, मग कोणाचा तरी हात धरून. येताना त्या दगडावर थोडी बसेन. आणि जमलं, तर एखाद दिवशी पुढच्या पायऱ्याही चढेन. मारुतीला माझा नमस्कार किती दिवस तुमच्याकरवी सांगायचा?

तुमचीच,
सुमती