दोनशे चाळीस भागिले

३ तारीख
कत्तलखान्याच्या विजेचा कारभार आजपासून माझ्याकडे. स्वतंत्र खोली, खिडकीतून पूर्ण हॉल दिसतो, पॅनेल कोरं करकरीत. आणखी काय हवं? डिप्लोमा नाही माझ्याकडे; जे आलं ते तारा चाचपून आलं. माझ्याआधीचा डिप्लोमावाला नोंदी अंदाजपंचे ठोकायचा. मी मोजतो. मेंढीच्या कानशिलांना विजेचा चिमटा लावतात, तीन सेकंदांत ती बेशुद्ध, मग सुरी. पहिलं माप: २४० व्होल्ट, १.२ अँपिअर. भागिलं, रोध २०० ओहम. गुणिलं, शक्ती २८८ वॅट. मुख्य खाटकाला सगळे मामा म्हणतात. त्यानं विचारलं, मास्तर, मेंढी गणितानं मरते की सुरीनं? सगळे हसले. मीही.

५ तारीख
चिमट्याच्या लाइनवर नोंदणीमीटर बसवला. करंटची रेघ कागदावर आपोआप उमटते. बायकोला फोनवर कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, अहो, मीटरात डोकं घालून बसू नका, माणसंही बघत जा. आठ तारखेला दुपारच्या गाडीनं येतेय.

६ तारीख
जेवणाच्या सुट्टीत, हॉल रिकामा असताना रेघ. ०.२४ अँपिअर, चार मिनिटं. रोध १०००, शक्ती ५७.६ वॅट. मेंढीचा हजार कधीच येत नाही. मामा म्हणाला, चिमटा तपासत होतो. कातडी धुणारा, चांदीच्या दाताचा म्हातारा सुट्टीनंतर दिसला नाही. माणसाचा रोध साधारण हजार. पण एका मापावर तोंड उघडायची माझी पद्धत नाही. दुसरं येऊ दे.

७ तारीख
दुसरं आलं.
आज-उद्या काम बंद. आवारात मी, मामा आणि मॅनेजर. सकाळी गटाराच्या जाळीत जबडा अडकलेला, म्हाताऱ्याचा, चांदीच्या दातासकट. मॅनेजर जाब विचारायला गेला. मी इथे रेघ बघत. ०.३ अँपिअर, नऊ मिनिटं. रोध ८००, घामानं भिजलेला असणार. ७२ वॅट. मग खिडकीतून पाहिलं. मॅनेजर हुकाला उलटा टांगलेला. मामाच्या एका हातात चिमटा, दुसऱ्यात सुरी, पोट चिरत खाली, गळ्याकडे. आतडी तोंडावर लोंबत होती. डोळे अजून उघडझाप करत होते.
फाटकाला कुलूप. किल्ली मामाकडे. फोनची वायर कापलेली.

८ तारीख, सकाळ
बायको यायच्या आत मामा संपला पाहिजे. पहाटे तो झोपलेला असताना चिमट्याच्या लोखंडी मुठींना थेट फेजची जिवंत तार जोडली. तो अनवाणी फरशी धुतो. २४० भागिले १००० — ०.२४. हातातून पायांत गेला की हृदय थांबायला ०.१ पुरे. माझं गणित चुकायचं नाही.

दुपारी दीड
आला. दोन्ही मुठी उघड्या हातांत. पाय पाण्यात. स्विच दाबला —
व्होल्ट २४०. अँपिअर शून्य.
फ्यूज शाबूत. कालपासून हुकावर असलेल्या मॅनेजरचा लोंबता हात मुठीला घासला — ठिणगी उडाली, काटा ०.३ वर — हात सुटला, पुन्हा शून्य. मामा अजून धरून उभा.
खिडकीकडे बघून म्हणाला, "मास्तर, किती आलं उत्तर?"
२४० भागिले शून्य —
भाग जात नाही. भाग जातच —

फाटकाची कडी वाजतेय. अहो, म्हणून तिची हाक. मामा किल्ली घेऊन निघाला — चिमटा ओढत — स्विच बंद केला, तरी व्होल्ट २४० — वायर पुरतेय, फाटकापर्यंत पुरतेय — तिला ओरडून सांगायला — तिचा रोध हजारच, फक्त ह